जात्याच

आई स्टेजवर चढली, तिने माझ्या डोक्यावरच्या बारला हात लावला आणि अख्खा हॉल हसला.

कुडाळच्या हॉलमध्ये जिल्ह्याची वजन उचलण्याची स्पर्धा होती. माझा शेवटचा प्रयत्न. हे वजन गेलं असतं तर मी राज्याच्या स्पर्धेला जाणार होते, तिथे जमलं तर पुढे क्रीडा वसतिगृह, दोन वेळचं नीट जेवण आणि शिकवणारं कुणीतरी. वजन वर गेलंही होतं. फक्त हात थरथरत होते, बार मागेपुढे झुलत होता. आई पहिल्या रांगेत बसली होती. बाजार बुडवून आली होती, जत्रेला नेसायचं लुगडं नेसून.

"थांब गो बाय, मी हात लावतंय," म्हणत ती धावली.

पंचांनी लाल झेंडे वर केले. बारला दुसऱ्याचा हात लागला की उचललेलं वजन बाद. आईला कळेना लोक कशाला हसतायत. ती बार धरूनच उभी राहिली. मग प्रमुख पाहुण्यांनी माईक घेतला. आमच्याच गावातले डॉक्टर. ते म्हणाले, "अहो बाई, हा मासळीबाजार नाही." पुन्हा हशा. मग लोकांकडे वळून, अगदी प्रेमळ आवाजात, "ताकद यांच्यात जात्याच असते हो. पण खेळ म्हणजे नुसती हमाली नव्हे."

आईने हात काढला. पदराला पुसला. का पुसला ते मला आजही कळलेलं नाही.

आता आईने हात का लावला ते सांगते. आम्ही गाबीत, मासेमारी करणारी जात. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की बायका पाट्या भरतात, डोक्यावर चुंबळ ठेवतात आणि वाट बघतात. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर कुणी घेत नाही. मान मोडेल. "हात लाव गो" म्हणायचं, की जवळची बाई हातातलं टाकून येते. वर्षभर जिच्याशी बोलणं बंद आहे तीसुद्धा येते, न बोलता हात लावते आणि जाते. डोक्यावरचं ओझं हलताना बघून जी बाई गप्प बसेल तिला आमच्यात माणूस म्हणत नाहीत. आई माणूस होती, म्हणून धावली.

आणि बार का झुलत होता तेही सांगते. 'जात्याच' या शब्दामुळे.

आपल्या एका बाईने ऑलिंपिकमध्ये वजन उचलून पदक आणलं, त्यानंतर डॉक्टरांनी आमच्या शाळेला बार आणि वजनाच्या चकत्या दिल्या. पेपरात फोटो आला. त्यांची मुलगी रेवा माझ्याच वर्गात. ती शंभर मीटर पळायची. मैदान एक, सकाळ एक, पीटीचे सरही एकच. सर तिच्या शेजारी गुडघ्यावर बसायचे. बोटं रेषेमागे कशी टेकवायची, कंबर किती वर घ्यायची, पहिलं पाऊल कुठे पडलं पाहिजे. "चुकलं. परत." पुन्हा पळ, पुन्हा "चुकलं". मला त्या 'चुकलं'चा हेवा वाटायचा. मला कुणी चुकलं म्हणतच नव्हतं. एकदा धीर करून विचारलं, "सर, मला पण दाखवा ना." ते हसले. "तुला काय शिकवायचं? तुमच्यात जात्याच असतं. उचल."

मग मी उचलायचे. बार उचलायचे, रेवाच्या पट्ट्या आखायला फक्कीची पोती उचलायचे, शाळेच्या कार्यक्रमाला बाकं उचलायचे. बार मी पाटीसारखाच घ्यायचे. मान ताठ, डोकं मागे, नजर खाली. दुसरं काही बघितलेलंच नव्हतं. वजन डोक्यावर गेलं की डोकं हातांच्या मधून जरा पुढे काढायचं असतं, खांदे कानाशी आणायचे असतात, मग बार झुलत नाही. एवढंच. शिकवायला एक सकाळ पुरली असती.

रेवा जिल्ह्यात पहिली आली तेव्हा डॉक्टर शाळेत बोलायला आले. ते स्वतः कॉलेजात पळायचे, त्यांची पदकं त्यांच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात होती. रेवाबद्दल म्हणाले, "मेहनत. दुसरं काही नाही." मग मला उभं केलं. माझा दंड चिमटीत धरून मुलांना दाखवला. म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्या यांनी जाळी ओढली, पाट्या वाहिल्या, ते जनुकांत उतरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कौतुकच होतं ना ते.

घरी गेले आणि बाबांकडे बघितलं. काडीपहिलवान माणूस, दम्याचा, रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला दोरीला लागला की खोकत खाली बसायचा. आईकडे बघितलं. तिच्या टाळूवरचे केस पाटीने खाल्लेले, मान एका बाजूला वळायची नाही. सुरमई बाजारात जायची, आमच्या ताटात स्वस्तातल्या तारल्या. मला तेव्हा वाटलं, हे जनुकांतलं सगळं माझ्यापर्यंत कुठल्या वाटेने आलं असेल?

पुढे बी.पी.एड. करताना शिकले. स्नायूंचे प्रकार असतात, झटक्यात जोर लावणारे काहींना जन्मतः जास्त मिळतात, ते आईबापांकडूनच येतात. मी ते नाकारत नाही. मला थोडं मिळालं असेल. रेवालाही मिळालं असेल, तिचा बाप पळायचा की. पण आई पाट्या वाहते म्हणून मुलीच्या रक्तात जोर उतरत नाही. मान ताणून जिराफाची मान लांब झाली नाही, हे तर आमच्या शाळेच्या पुस्तकातच होतं. मग रेवाची ती मेहनत आणि माझी ती जात, हे कुणी ठरवलं? शब्दातच लिहिलंय बघा. जात्याच. रोज वापरतो आपण, आत काय आहे ते कुणी बघत नाही.

स्पर्धेच्या त्या दिवशी मला एवढं काही माहीत नव्हतं. मला फक्त आईचा पुसलेला हात दिसत होता.

बक्षिसं वाटून झाली. चहा-वडे आले. सरांनी मला हाक मारली. "चल, शाळेच्या चकत्या टेम्पोत भर. पटपट." नेहमी मीच भरायचे. मी जागची हलले नाही. सर म्हणाले, "उचल गो, तुला काय जड?" डॉक्टर शेजारी बशीत चहा ओतत होते. सरांशी मी कायम पुस्तकी मराठीत बोलायचे. त्या दिवशी तोंडातून घरची भाषा आली.

"मी उचलूचंय नाय. माका जात्याच जड लागता."

डॉक्टरांचा चहा बशीतच राहिला. सर म्हणाले, "मस्ती आली." त्या दिवसापासून बारच्या खोलीची किल्ली मला मिळाली नाही. माझं वजन उचलणं तिथेच संपलं. मी किती उचलू शकले असते ते मला कधीच कळणार नाही. याचं दुःख होतं. अजून होतं, रोज होतं.

परत येताना एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "माका वाटला, तुझ्यार पडतला. माझ्यामुळे गेला मा?"

"नाय गो आये," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर शेजारची बाई म्हणाली, "हात लाव गो." आई पुढे झाली आणि थबकली. आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी हसतंय का. मग हात लावला. माझी स्पर्धा गेली ते मी एक वेळ सोडून देईन. आईचा तो थबकलेला हात मी कुणालाही माफ करणार नाही.

आता मी शिकवते. दुसऱ्या शाळेत, किनाऱ्यावरच्याच मुलींना. शेजारी गुडघ्यावर बसून शिकवते. "चुकलं. डोकं पुढे. परत." माझ्याकडची मुलगी एक पोतं उचलत नाही, एक बाक सरकवत नाही. चकत्या ज्याच्या असतील तो भरेल.

पुढच्या महिन्यात कुडाळलाच स्पर्धा आहे. त्याच हॉलमध्ये. पाहुणे तेच डॉक्टर, आता केस पांढरे झालेत. आई यायला तयार नाही. "माका नको गो, मी थंय काय करू," म्हणते. मी तिला नेणार आहे. पहिल्या रांगेत बसवणार आहे, तेच लुगडं नेसवून. आणि माझ्या मुलींनी वजन उचलल्यावर डॉक्टरांनी माईकवर तो शब्द काढला, तर मी स्टेजवर जाऊन माईकला हात लावणार आहे. मला बाद करायचं तर करा. मी हात काढणार नाही आणि पदराला पुसणारही नाही.