ठिणगी की सावली

माझे मामा मोतद्दार होते. एकतीस वर्षं त्यांनी पोलोच्या एकाच संघाचे घोडे सांभाळले. उजाडायच्या आत चंदी, मग खरारा, मग एकेक पाय चाचपून बघणं. मामी म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही, पण घोडीचे दात मात्र मोजून येतात." अशा माणसाला एका घोडीची ओळख पटेना, आणि ती शेवटपर्यंत पटली नाही.

आमच्याकडची पोलोची स्पर्धा फार जुनी आणि मानाची. पहिल्या वर्षी चषकच नव्हता म्हणे, जिंकणाऱ्यांना कोणाच्या तरी घरची चहाची किटली दिली होती. पुढे चांदीचा चषक आला, क्लबच्या भिंतीवर लाकडी फळ्या आल्या. त्यांवर दर वर्षी सोनेरी अक्षरांत जिंकलेला संघ, त्याचा कप्तान आणि अंतिम सामन्यातला सर्वोत्तम घोडा. त्या घोड्याला निळी झूल मिळते. कप्तान लोकांच्या लक्षात राहत नाहीत, झूलवाले घोडे राहतात.

मामांकडे ठिणगी आणि सावली अशा दोन सख्ख्या बहिणी होत्या. दोघी तपकिरी, उंचीला सारख्या. पोलोच्या घोड्यांची आयाळ भादरतात, शेपटी गुंडाळून बांधतात, पायांना पट्ट्या लावतात. मग ओळखायचं कशावरून? कपाळावरच्या भोवऱ्यावरून. एकीचा डावीकडे, दुसरीचा उजवीकडे. आणि स्वभावावरून. ठिणगी वाऱ्यासारखी पळायची, पण माणसाला जवळ येऊ द्यायची नाही. सावली लाघवी. मामांच्या खिशात नाक खुपसून गाजर शोधायची. पळायला यथातथाच.

त्या वर्षी मामांचा संघ अंतिम सामन्यात होता. पोलोत सात-सात मिनिटांचे डाव असतात आणि दर डावाला घोडा बदलतात. शेवटच्या डावाला ठिणगी द्यायची ठरलं होतं. सावली, लागलीच तर म्हणून, शेजारीच खोगीर घालून उभी होती. गोल बरोबरीत. कप्तान धापा टाकत आले, घोड्यावरून उडी मारली आणि ओरडले, "घोडी! अरे, घोडी कुठाय?"

मामांनी हाताला आला तो लगाम पुढे केला.

ती घोडी अशी सुटली की लोक उभे राहिले. अखेरच्या मिनिटाला कप्तानांनी गोल केला. संघ जिंकला आणि घोडीच्या पाठीवर निळी झूल पडली. फोटो झाला. फोटोवाला वळतो न वळतो तोच घोडीनं मान खाली घातली आणि मामांच्या खिशात नाक खुपसलं.

मामांनी कपाळ बघायला तिचं तोंड वर धरलं, तेवढ्यात गर्दीनं तिला पुढे ओढून नेलं. मामा तबेल्यात पोचले तर धुऊन-पुसून झालेल्या दोघी आपापल्या जागी चंदी खात होत्या आणि झूल खुंटीवर होती.

"झूल कोणाच्या पाठीवरून काढली?" मामांनी विचारलं.

"ठिणगीच्याच की," सगळे म्हणाले. बघितलं मात्र कोणीच नव्हतं.

मामा कप्तानांकडे गेले. "मालक, माझ्याकडून अदलाबदल झाली असेल."

"वेडा आहेस का? माझ्या मांडीखाली कोण होती ते मला कळणार नाही?"

पण ह्याच कप्तानांनी त्या दोघींना एकदाही बरोबर नावानं हाक मारली नव्हती!

फळीवर ठिणगीचं नाव चढलं. ती पैदाशीसाठी मोठ्या कुरणावर गेली. सावलीला घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेत देऊन टाकलं. मामा दर रविवारी तिला भेटायला जायचे. "चूक झाली असेल तर माफी, नसेल तर गाजर," म्हणायचे. मामीनं त्यांना समजवायचा नाद सोडला होता.

स्पर्धेला शंभर वर्षं झाली, तेव्हा एक बाई तिचा इतिहास लिहिण्यासाठी मामांकडे आल्या. मी तिथंच होते. दोन्ही घोड्या जाऊन वर्षं लोटली होती. बाईंनी तो फोटो आणला होता. भिंग लावलं तर घोडीच्या कपाळावर, उजव्या बाजूला, भोवरा स्पष्ट दिसत होता.

"मिटलं मग!" मामी म्हणाली. "उजवीकडचा कोणाचा?"

"सावलीचा," मामा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "पण उजवीकडे म्हणजे... तिच्या उजवीकडे, की माझ्या?"

ते उठले. लगाम धरल्यासारखा हात करून भिंतीसमोर उभे राहिले. मग वळून घोडीच्या जागी उभे राहिले. पुन्हा वळले. मामी हसली नाही.

"फोटो उलटा छापला असेल का?" बाईंनी विचारलं.

"छे. कप्तानांची काठी बघा, उजव्या हातात आहे. डाव्या हातानं खेळूच देत नाहीत. फोटो सुलटाच आहे हो, उलटा मीच झालोय."

"मग मी काय लिहू, काका?"

मामांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडून चिठ्ठी लिहवून घेतली, 'ठिणगी किंवा सावली. मोतद्दाराला नक्की सांगता येत नाही.'

बाईंनी ते तसंच छापलं, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. क्लबनं फळी काही बदलली नाही. पुस्तक घरी आलं तेव्हा मामांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"आता बरं वाटलं ना?" मी विचारलं.

"कळत नाही गं," मामा म्हणाले. "सावलीचं नाव कुठंतरी आलं, हे चांगलं झालं. पण ती खरंच ठिणगी असली, तर बिचारीच्या मानात मी उगाच वाटेकरीण आणली."