पाहुण्याचा पहिला घास

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. तिकडे अमेरिकेत आमदारकी करून आलेला एक माणूस दर हिवाळ्यात शिरपूरजवळच्या एका मठात ध्यानाला यायचा. भेटेल त्याचा हात मतं मागितल्यासारखा दोन्ही हातांत धरायचा आणि विचारायचा, "तुमचं म्हणणं काय?" मग डोळे मिटून उत्तर ऐकायचा. मला ते सोंग वाटे.

एकदा आम्ही त्याला मळ्यात भरीत-भाकरीला बोलावलं. माझ्या आईने, म्हणजे अक्काने, सकाळपासून कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती. पुरुषांची पंगत बसली; बायका नेहमीसारख्या मागून जेवणार होत्या. पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय आमच्यात कुणी पानाला हात लावत नाही, आणि याने तर डोळे मिटले.

"ध्यान लागनं शे," माझे वडील, आबा, कौतुकाने म्हणाले.

बराच वेळ गेला. शेवटी आबांनी हात जोडून जेवायची विनंती केली. डोळे न उघडता तो म्हणाला, "अक्का कुठे बसल्या?"

मग आबा सरकले, बायकांची पानं मांडली गेली, अक्का बसली. तेव्हाच त्याने घास उचलला.

"भरीत थंडं व्हई गयं," आबा पुटपुटले.

अक्का खाली बघून भाकरी मोडत म्हणाली, "आमले ते रोज असंच भेटस."