येसूचं पुढं काय झालं

शेजारच्या मनकर्णामावशी आणि रंगनाथकाकांचं ते भांडण मी भिंतीआडून ऐकलं. मुद्दाम कान लावावा लागला नाही. आमच्या ख्रिस्तीवाडीतल्या भिंती मातीच्या आणि माणसं मोठ्या घशाची.

"मिशनच्या राहुट्या पाथर्डीकडं निघायच्यात," काका म्हणाले. "ट्रंक भर."

"कोणत्या तोंडानं येऊ? पोरगी वाचव म्हणून देवापुढं गुडघे झिजवले. न्हाई वाचवली. आता त्याचीच थोरवी सांगत हिंडू?"

"मग मी एकटा जातो."

"जा की. बायांच्या चुलीपाशी तुम्हाला कोण बसू देतंय ते बघते."

खरंच होतं ते. काका उपदेशक, मावशी बायबलबाई. दर हिवाळ्यात बैलगाडीनं दोघं नवराबायको वस्त्यांवर फिरायची. काका पारावर बोलायचे आणि माणसं जांभया द्यायची. मावशी जात्यापाशी बसून येशूची गोष्ट सांगायची, तेव्हा दळणं थांबायची.

आदल्या फेरीत एका धनगरवस्तीवर गोष्ट अर्ध्यावर असतानाच पोरीला ताप आल्याचा निरोप आला. मावशी तशीच उठून नगरला घरी आली. पोरगी राहिली नाही. लढाईचे दिवस होते, औषध मिळायची मारामार.

तेव्हापासून मावशीला एका जागी बसवेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. ट्रंक भरायची, उपसायची. आमच्या ख्रिस्ती देवळात प्रार्थना चालू असताना मधेच उठून बाहेर यायची आणि चपला घालून उभी राहायची. जायचं कुठं ते तिलाच ठाऊक नसायचं. मी म्हणायची, "मावशी, जरा टेका." ती म्हणायची, "टेकलं की आठवतं गं."

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या दारात एक धनगरीण आली. बाजाराला घोंगड्या घेऊन आली होती, नाव बनुबाई. "गोष्टवाली बाई हितंच राहती ना?" असं विचारत वाडीभर फिरली होती. आमच्याकडचं पाणी तिनं घेतलं नाही, पण उंबऱ्यावर ऐसपैस बसली.

"बाई, त्या येसूचं पुढं काय झालं?"

मावशी हातातला केरसुणीचा बुडखा घेऊन तशीच उभी.

"तुमी म्हनला, तिच्याच मानसांनी तिला धरून दिली. मारली. डोस्क्यात काटं खुपसलं, टांगली. आन् तुमी उठून गेला. आमी वरीसभर दळताना भांडतोय. मी म्हनते, जगली आसंल. माझी जाऊ म्हनती, सासरच्यांनी टांगलेली कुनी जगती व्हय?"

आमच्याकडं येसू म्हणजे बाईचं नाव. वस्तीवरच्या बायांनी आमच्या प्रभूला कुणाची तरी छळलेली सून करून टाकलं होतं.

मावशीला हसू फुटलं. पोरीनंतर पहिल्यांदाच. हसता हसता पदर तोंडावर गेला, तो बराच वेळ खाली आला नाही. मग म्हणाली, "अगं, ती बाई न्हवं. गडी आहे तो."

"गडी?" बनुबाईला पटेना. "मग येवढं सोसलं कसं?"

मावशी केरसुणीच्या काड्या उपटायला लागली.

"बरं, गडी तर गडी," बनुबाई म्हणाली. "माझी लेक सासरी हाय. तिलाबी लई मारत्यात. म्हायेराला आली की इचारती, आये, येसू उठली का गं? मी काय सांगू तिला?"

मावशी केरसुणीच्या काड्या उपटत राहिली. मला वाटलं, आता आत निघून जाईल. एका शब्दाचं उत्तर होतं. पण पोर पुरून आलेल्या आईनं तो शब्द उच्चारायचा होता.

"मीच त्याला टांगून घरी आले," ती स्वतःशी बोलली. मग वर बघून म्हणाली, "उठला. पण असं उंबऱ्यावर सांगून भागायचं न्हाई. लेकीला बोलावून घे. मी येते."

काका घरी आले तर ट्रंक दाराशी. "कुणी समजूत काढली तुझी?"

"तुम्ही न्हाई," मावशी म्हणाली.

गाडीत बसल्यावरही तिची चुळबुळ होतीच. "ते बैल झोपलेत का?" म्हणून गाडीवानाला छळत गेली.

त्यानंतर एकही फेरी तिनं चुकवली नाही. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. ते ती सोबत घेऊन हिंडायची, एवढंच. लढाई संपली, गोरे गेले, मावशीला दम लागायला लागला.

ज्या दिवशी मावशी गेली, त्या दिवशीही केडगावला एका बाळंतिणीकडं जाऊन आली. बाळाला तेल लावलं, त्याच्या आजीशी वाद घातला, प्रार्थना केली. येताना वाटेत मेथीची जुडी घेतली. ती माझ्या हातात देऊन म्हणाली, "निवडून ठेव, माती लई आहे," आणि चपला झटकून आत गेली.