खिशातला फ्यूज

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे करायचा, मग करेना, आता पुन्हा करतो. मधल्या काळात त्याने आमच्या नाकी नऊ आणले, ते सांगते. मी त्याची मोठी बहीण. माझ्या जिभेला हाड नाही असं घरात सगळ्यांचं मत आहे, त्यामुळे सांगायचं काम आपसूक माझ्याकडेच येतं.

लिफ्टवाल्यांचा एक नियम असतो. जोडीदार लिफ्टच्या टपावर चढला की दुसऱ्याने वीज तोडायची आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. बोर्डावर नाही, कठड्यावर नाही, खिशात. त्या दिवशी भावाने तेच केलं आणि तो जिन्यात अवजारांची पेटी उघडायला गेला. पण इमारतीतल्या कुणाला तरी वर जायची घाई होती. त्या शहाण्याने फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकवला. लिफ्ट हलली आणि जोडीदार गेला. इतकी वर्षं दोघं एकाच डब्यातून जेवले होते.

चौकशीत भावाची काही चूक निघाली नाही. भावाला हे कुणी पटवून देऊ शकलं नाही.

तो घरी बसला आणि घराचा फ्यूज काढायला लागला. बायको मिक्सर पुसायला लागली, फ्यूज खिशात. तिने इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली, फ्यूज खिशात. आमचं घर खाली-वर, मीटर मात्र एकच. वर मी पडदे शिवते. मशीन अर्ध्या शिवणीत थांबायची आणि गिऱ्हाइकाला मी सांगायचे, "आमच्याकडची वीज जरा मानी आहे." खाली भाऊ झोपेतून किंचाळत उठायचा आणि उशीखाली फ्यूज चाचपायचा. लिफ्टच्या दाराचा आवाज आला की रस्ता बदलायचा.

शेवटी भावजय म्हणाली, "ताई, मी अंधारात संसार करायला आले नव्हते. ह्यांनी उपचार घेतले तर राहीन, नाहीतर माहेरी जाते." हे ती अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून मी घाबरले. आरडाओरडा करणारी असती तर मी लक्षही दिलं नसतं.

डॉक्टर म्हणाले, असा आघात झाला की माणसाला हा आजार होऊ शकतो, आणि त्यावर उपाय आहे. गोळ्या घ्यायच्या आणि सोबत दर आठवड्याला समुपदेशक बाईंकडे जायचं. भावाने मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःचं डोकं चालवलं.

"ताई, बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने चाललं ते कळत नाही."

ऐकायला फारच शहाणपणाचं वाटलं.

तर आधी नुसत्या गोळ्या. झोप लागायला लागली, चिडचिड कमी झाली. फ्यूज खिशातच, फक्त आता तो शांतपणे काढायचा. मग त्याने गोळ्यांची परीक्षा संपली असं ठरवलं, आपल्या मनाने त्या बंद केल्या आणि बाईंकडे जायला लागला. बाई त्याला डोळे मिटून त्या दिवसाची हकिकत सांगायला लावायच्या, जणू आत्ताच घडतंय अशी. तो पेटी उघडण्यापर्यंत यायचा आणि उठून चालता व्हायचा. त्यात गोळ्या एकाएकी सोडल्याने झोप उडालेली, चक्कर येते म्हणून भिंत धरून चालणं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. भावजयीने पलंगाखालची बॅग बाहेर काढली.

ती बॅग पाहिली आणि मी त्याला अक्षरशः दंडाला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याचा एका वेळी एकच बदलायचा सिद्धांत पूर्ण ऐकून घेतला.

"लिफ्टखाली शिरून काम करायचं तर आधी तिला टेकू देता का?"

"देतो की. नाहीतर अंगावर येईल."

"आणि टेकू देऊन झाला की घरी जाता?"

"मग दुरुस्ती कोण करणार?" भाऊ म्हणाला.

"गोळी म्हणजे टेकू समजा. दुरुस्ती बाईंकडे व्हायची आहे. दोन्ही एकदम. आणि मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही."

हे त्याला कळलं. मी इतके महिने घसा कोरडा करत होते ते कळलं नव्हतं, पण असो.

मग दोन्ही सुरू झालं. तो बाईंकडे जे सांगायचा ते मोबाइलवर भरून आणायचा आणि घरी रोज ऐकायचा. बाईंनी तसंच सांगितलं होतं. जमिनीतून मलाही ऐकू यायचं. पेटी उघडली, इथे हकिकत थांबायची. एके दिवशी ती पुढे गेली.

"त्याने हाक मारली. मी पळालो नाही. मी खिशात हात घातला. फ्यूज खिशातच होता. मग लिफ्ट हलतेच कशी, म्हणून मी फ्यूजकडे बघत उभा राहिलो."

मी शिवण सोडून बसून राहिले. ह्याच फ्यूजवरून मी त्याला काय काय टोमणे मारले होते. मला फार वाईट वाटलं. मोबाइलवर बाई विचारत होत्या, "पळाला असतात तर पोचला असतात?" मग भाऊ म्हणाला, "नाही. मध्ये अख्खा मजला होता."

पुढे बाईंनी त्याला घरचा अभ्यास दिला. स्वयंपाकघरातला बल्ब बायकोने बदलायचा, फक्त बटण बंद करून. फ्यूज बोर्डातच राहील. मी साक्षीदार म्हणून खाली गेले. भावजय स्टुलावर चढली. भावाने एका हाताने माझं मनगट धरलं.

"बटण बंद आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"फ्यूज?"

"बोर्डात," तो म्हणाला. कपाळावरून घाम ओघळत होता, पण दुसरा हात खिशाकडे गेला नाही.

तिने बल्ब बसवला, खाली उतरली, हात पुसले. "अहो, लावा आता."

त्याने माझं मनगट सोडलं आणि बटण दाबलं. स्वयंपाकघरात उजेड पडला. मग तो जमिनीवर बसून जोडीदाराचं नाव घेत रडला, आणि ती त्याच्या शेजारी बसली.

बॅग पलंगाखाली गेली. माझं मनगट आठवडाभर काळंनिळं होतं. गिऱ्हाइकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मशीनमध्ये अडकलं होतं.