फाटकाकडची खिडकी

फाटकवाल्यांनी उभी हयात रेल्वेला हिरवा झेंडा दाखवला, पण गाडीत मात्र कधी पाय ठेवला नव्हता. निवृत्तीनंतर लेकीकडे लांबच्या गावी जायचं ठरलं, तेव्हा नवऱ्याला गाडीची खडान्‌खडा माहिती आहे, असं बायको धरूनच चालली होती. त्यांनीही तिचा गैरसमज मोडला नाही. चपला पिशवीत घालून उशाशी घ्यायच्या, पाणी घरचंच न्यायचं, असं ऐकीव ज्ञान ते रुबाबात वाटत राहिले. त्यांचा स्वतःचा हट्ट एकच होता, खिडकी फाटकाच्या बाजूची हवी.

"इतक्या गाड्या गेल्या, पण खिडकीतल्या एकाही माजोरड्याने मला हात केला नाही," ते म्हणाले. "माझ्या जागी आलेल्या माणसाला मी करणार."

स्टेशन सुटल्यापासून ते हात तयार ठेवूनच बसले होते. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हिरवं काहीतरी सर्रकन मागे गेलं. हात मांडीवरच राहिला.

खिडकीतून मागे बघत ते म्हणाले, "लोक माजोरडे नव्हते गं. त्यांना मी दिसतच नसेन."

बायको पिशवीतल्या चपला नीट लावत होती. "मी तर रोज डबा घेऊन फाटकावर चालत यायचे. मी लांबूनच दिसत असेन. तेव्हा कुठे कधी हात केलात?"

"हातात झेंडा असायचा."

"दुसरा रिकामा होता की."