सोयरे चुकवत नागपूर

माझा मित्र सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवनीच्या बाजारात वांगी निवडत होतो. फोन त्याच्या बायकोचा. "भाऊजी, हे उठूनच नाही राहिले..." वांगी तिथंच राहिली, आणि माझ्या मनात आलं, आता सायकलनं नागपूरला कोण जाणार?

नागपूरला त्याची एकुलती लेक, प्रज्ञा. तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा या माणसानं सगळे सोयरे अंगणात बसवून जाहीर केलं, की तिच्या दारात आपल्यापैकी कुणाचाही पाय पडणार नाही. भाषण गाजलं. मग नात झाली, आणि वक्त्याचा जीव नागपूरकडे ओढू लागला. पण चारचौघांत बोललेला शब्द गिळायचा कसा? एसटीत तर अर्धं गाव बसलेलं. म्हणून सायकल, तीही गुपचूप.

आता अडचण ऐका. आमच्याकडे सोयऱ्याच्या गावावरून चहा न घेता पुढं जाणं म्हणजे जन्मभराचा रुसवा. आणि चहा आला की 'कुठं चालले?' आलंच. नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी मेहुण्याची पानटपरी, म्हणून पूल रद्द. सायकल नावेत घालून घाटावरून पवनी गाठायची. भिवापुरात मावशी, म्हणून तिथं शेतातून वळसा. उमरेडचा साडू चुकवायला तर थेट जंगल. माझ्या ओसरीवर बसून तो खडूनं हे सगळं फरशीवर काढायचा.

"अबे, तिकडं वाघ हाये ना," मी म्हणालो.

"वाघ बरा. कुठं चालला म्हणून विचारत तं नाही."

दर उन्हाळ्यात नात्यातलं एखादं लग्न जमे, की वाटेवरचं आणखी एक गाव बंद. नागपूर जागच्या जागी होतं. सुखदेवचा रस्ता लांबत गेला... बायको एकदा वैतागून म्हणाली, "मले बसवा मागं. मीच सांगीन सगळ्याइले, लेकीकडं जाऊन राहिलो म्हणून." तो न जेवता उठला.

बाप गेल्याचं कळल्यावर प्रज्ञा आली ती एसटीनं, सरळ रस्त्यानं, पोरीला कडेवर घेऊन. अंगणात तेच सोयरे. तिला पाहून उमरेडचा साडू रडत म्हणाला, "दिवाळीले तुह्या घरी आलतो, तवाच याले सांगाले पाहिजे होतं." मावशीही जाऊन आली होती. टपरीवाला मेहुणा तर बारशालाच होता. सुखदेवच्या शब्दाचा मान राखायचा, म्हणून सगळ्यांनी त्याच्यापासून लपवलं होतं.

"मंग बाबाले एकानं बी नाही सांगितलं?" प्रज्ञानं विचारलं.



सायकल अजून त्याच्या पडवीत आहे. परवा गेलो, तर वहिनी पंपानं हवा भरत होत्या. कायले, म्हणून विचारलं.

"हवेबिगर उभी ठेवली तं टायर चिरते, हे म्हणत."

खरं आहे. मी वाकून पाहिलं. नव्या टायरांवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा झिजलेले नव्हते.