एका व्हॉल्व्हला युनिट किती?

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी चारकोपच्या आमच्या गाळ्यात भट्टीच्या मीटरसमोर उभी होते. रोज सकाळी आकडा सुहासच बघायचा. त्या दिवशी तो आला नाही म्हणून मी बघत होते, आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते... फोनवर वहिनी म्हणाल्या, "झोपेतच गेले." महिना झाला, त्या शिव्या अजून टोचतात मला.

आम्ही दोघं भागीदार. पितळी व्हॉल्व्ह करायचो, माल सगळा परदेशात. तीन वर्षांपूर्वी तिकडच्या गिऱ्हाइकाने फॉर्म पाठवला: एका व्हॉल्व्हला युनिट किती लागतात? माल बनवताना जळलेल्या कोळशावर त्यांच्याकडे आता कर बसतो, आणि आपली वीज बहुतेक कोळशाचीच. मी नेमकी रजेवर. चारकोपात गाळ्यालाच युनिट म्हणतात, तेव्हा आमच्या सुहाससाहेबांनी ऐटीत लिहिलं, 'एक'. म्हणजे सगळं आमच्याच गाळ्यात होतं, बाहेर काही देत नाही.

गिऱ्हाईक बेहद्द खूश. विजेचा खरा आकडा होता तीन. मी कपाळाला हात लावला. "वाट लागली रे. खरं कळलं की ऑर्डर गेली, गाळ्याला टाळं." चिडला की तो मालवणीत शिरायचा. "लिवलंय ना? आता करून दाखवूकच व्हया." पण आधी त्याने तिकडे कळवलं: चूक झाली, तीन लागतात, सहा महिने द्या. दिले त्यांनी.

काय झकास दिवस होते ते! भट्टीच्या दाराची फट बुजवली. वहिनींना वडे तळताना बघून याला सुचलं, पितळेचा एकेक तुकडा तापवायचा कशाला, घाणाच लावू. अडीच... पावणेदोन... आकडा उतरला की मीटरवर थाप मारायचा. "अगं, आपण पितळ नाही, वीज पाठवतोय बाहेर. पितळात भरून. जेवढी कमी भरू तेवढं बरं." मीही नाचायचे त्याच्याबरोबर, या वयात. सव्वावर आलो, ऑर्डर टिकली, मी पेढे वाटले. हा तोंड वाकडं करून म्हणतो, "पाव राहिला ना."

त्या पावाने त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही. व्हॉल्व्ह गरम असतानाच पेटीत घालायचे, त्यांच्या उबेवर पुढचे थंड तुकडे तापवायचे, हे त्याचं शेवटचं खूळ. मी म्हटलं होतं, डोकं फिरलंय तुझं. तो गेल्यावर पेटी मीच करून घेतली.

काल आकडा आला. एक. जेमतेम, पण एक. भिंतीवर त्याच्या अक्षरातला खडूचा 'सव्वा' तसाच ठेवला, खाली माझा आकडा लिहिला. मीटरवर थाप मारली आणि मागे वळून म्हणाले, "सुहास, एक आला रे."